काय म्हणतोय गं तो?

प्रिय चिमणे,

छापखान्याच्या पत्त्यावर माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू दचकली असशील. एका घरात राहायचं, सकाळी एकाच किटलीतला चहा घ्यायचा आणि पत्र मात्र तिकीट लावून पोस्टाने. नणंदेचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तुला वाटलं तर तुझा काही दोष नाही. स्वयंपाकघरात तुझ्याशी बोलायला खिळ्याला दोरीने बांधलेली आपली वही आहेच. पण ती वही आई चष्मा लावून मागच्या पानांपासून वाचत बसते, आणि हे तिने सगळ्यात आधी वाचावं असं मला वाटत नाही. शिवाय वहीत मी दोन ओळींच्या वर काही लिहिलं की तुझी पेन्सिल आपोआप माझ्या ऱ्हस्व-दीर्घावरून फिरते. दिवसभर मुद्रितं तपासणाऱ्या बाईची सवय ती, मी राग मानत नाही. म्हणजे मानते, पण सांगत नाही. या कागदावरच्या चुका तेवढ्या तशाच राहू देत.

दवाखान्यात माझ्या टेबलाशी बसून लिहितेय. डॉक्टरीणबाई आज बाहेर गेल्यात, दात दाखवायला कुणी येणार नाही. मला फक्त फोन उचलायचा आहे आणि लोकांना उद्या या म्हणून सांगायचं आहे.

आडवळणाने लिहायला गेले तर मी कधीच मुद्द्यावर येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मी तुझ्यावर जळते. गेले चौदा महिने, रोज. तू घरात आलीस त्या पहिल्याच दिवशी आईने तुझे हात भिरभिरताना बघितले आणि तुला चिमणी म्हणायला लागली. मी बेचाळीस वर्षांची होत आले, मला त्या बाईने आजवर एकही लाडाचं नाव ठेवलेलं नाही. मी ताई. जन्मले तेव्हापासून ताईच असल्यासारखी. पण ते एक वेळ सोड. आईचं मला तेवढं नाही. माझ्या पोटात दुखतं ते धाकट्यावरून.

तू त्याची बायको. तुला जे माहीत आहे ते सगळं गेल्या दोन वर्षांतलं. त्याआधीचं मी सांगते. तो दोन वर्षांचा होता आणि मी पाचची, तेव्हा त्याला तो मोठा ताप आला. ताप उतरला, पण भांडं पडलं तरी तो मान वळवेना. आईबाबा महिनाभर त्याच्या कानाशी टाळ्या वाजवत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी त्याच्यासमोर बसले आणि कानाच्या पाळीला हात लावून आईकडे बोट दाखवलं, कारण आईच्या कानात कुडी होती. त्याने लगेच तसंच केलं. वरच्या ओठावर बोट म्हणजे बाबा. मनगटावर दोनदा टिचकी म्हणजे बसगाडी. एका वर्षात आमच्याकडे शंभरेक खुणा झाल्या, आणि त्या पूर्ण येणारी माणसं जगात दोनच होती. बाबा कामावरून आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, काय म्हणतोय गं तो? आई कढई हलवता हलवता विचारायची, काय म्हणतोय गं तो? शेजारी, पाहुणे, डॉक्टर, सगळे माझ्याकडे बघायचे. फ्रॉकमधल्या पोरीकडे चार मोठी माणसं उत्तरासाठी बघतात, तेव्हा तिला काय वाटतं हे मी तुला सांगू शकणार नाही. मला परीक्षेत कधी नंबर मिळाला नाही. पण त्याच्या मनातलं मला कळायचं, आणि ते मला कळतं हे सगळ्यांना कळायचं.

आता गंमत ऐक. नेहमी कळायचं नाही. एकदा आत्याने त्याला स्वेटर विणून आणला. त्याने तो अंगावर धरला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत हाताने काहीतरी केलं. काय केलं ते मला कळलं नाही. आत्या समोर उभी, म्हणाली, काय म्हणतोय गं? माझ्या तोंडातून निघून गेलं, खूप आवडला म्हणतोय, फक्त बाही लांब झाली म्हणतोय. आत्या खूश. तिने बाही उसवून आखूड करून दिली. मी आठ वर्षांची होते, आणि त्या दिवशी मला समजलं की मला कळलं नाही तरी चालतं. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं की काम झालं. खोटं बोलल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही. मला खरंच वाटलं की तो तसंच म्हणाला असणार.

तिथून पुढे काय काय झालं त्याचा हिशेब मला गेल्या वर्षात लागायला लागला, आणि तो लावायला कारण तू. आठवतं, तू आल्यावर पंधरा दिवसांनी त्याच्यासाठी शर्ट आणलास, विटकरी लाल? मी आईसमोर हसले. म्हटलं, नव्या माणसाला काय माहीत, त्याला निळ्याशिवाय चालत नाही. तू त्याला काहीतरी विचारलंस, त्याने उत्तर दिलं, आणि तू वहीत लिहिलंस, 'निळा त्याला कधीच आवडत नव्हता, लहानपणापासून तोच मिळतो म्हणून घालतो.' आईने ते मोठ्याने वाचलं. मी आत जाऊन कपाट उघडलं तर आत निळेच निळे, फिके, गडद, चौकडीचे, दर वाढदिवसाला मीच आणलेले. त्या दिवशी कपाटासमोर उभी राहून मी मागे मागे जात राहिले, हा निळा आला कुठून? मग आठवलं. बाबांनी दोन छत्र्या आणल्या होत्या, एक लाल, एक निळी. मला लाल हवी होती. मी बाबांना सांगितलं, त्याला निळा आवडतो.

तू आमच्या घरात कशी आलीस तेसुद्धा मी ओळखलं नाही, हे तुला माहीत नसेल. तुझ्या चष्म्याची काडी तुटली, दुकानदाराने तुला मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या आमच्या धाकट्याकडे पाठवलं, आणि मग ती काडी चार महिन्यांत तीनदा तुटली. इकडे घरी तो दर गुरुवारी शर्टाला इस्त्री करायचा, भांग पुन्हा पुन्हा पाडायचा. आईने विचारलं, काय चाललंय गं याचं? मी भाजी चिरता चिरता छातीठोकपणे सांगितलं, गुरुवारी त्यांच्या दुकानात मोठा साहेब तपासणीला येतो. मोठा साहेब! पुढे दुकानदाराने रस्त्यात मला गाठून अभिनंदन केलं तेव्हा मी तोंडावर पडले. माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही असं सांगून मी स्वतःची दोन स्थळं परत पाठवलेली आहेत, चिमणे. मुलगे वाईट नव्हते. एक तर मला आवडलाही होता. आणि हा चार महिने दर गुरुवारी कुणाला तरी भेटत होता, आणि मला पत्ता नाही.

मग तू आलीस आणि जेवणाच्या टेबलावर सगळं उलटं झालं. तुम्ही दोघं समोरासमोर बसता, चमचे खाली ठेवता आणि तुमचे हात सुरू होतात. तुझी शाळेत शिकलेली हातांची भाषा, तू वर्षभरात त्याला शिकवलीस, आणि तो तहानलेला माणूस पाणी पितो तसा शिकला. माझ्या शंभर खुणा त्यात कुठे बुडाल्या कळलंही नाही. तुम्ही हसता. तो तर असा हसतो की खुर्ची मागे सरकते. माझ्यासमोर तो इतका कधी हसला नव्हता. पहिल्यांदा तसा हसला तेव्हा आईने सवयीने माझ्याकडे मान वळवली, काय म्हणतोय गं तो? आणि मी, लाज वाटते लिहायला, पण मी सवयीनेच सांगितलं, बटाटे छान झालेत म्हणतोय. आईने सरळ वही ओढली आणि तुला विचारलं. तू लिहिलंस की दुकानदार स्टुलावर चढून दिवा बदलत होता आणि दिव्यासकट गिऱ्हाइकाच्या मांडीत पडला. आई डोळे पुसेपर्यंत हसली. मग तिने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून तिने मला तो प्रश्न विचारणं बंद केलं. तीस-पस्तीस वर्षांची माझी नोकरी एका बटाट्यावरून गेली.

मी शिकायचा प्रयत्न केला. तुझं ते खुणांच्या चित्रांचं पुस्तक उशाखालून नेऊन दवाखान्याच्या बाथरूममधल्या आरशासमोर मी बोटं वाकवत बसायचे, बाहेर लोक दार वाजवायचे. एका रविवारी हिंमत करून मी तुम्हा दोघांना विचारायला गेले, बाहेर फिरायला जाऊया का? आणि माझ्या हातांनी भलतंच काहीतरी विचारलं, कारण तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून ओठ दाबायला लागलात. तू उठलीस, माझी करंगळी धरून नीट वळवायला लागलीस, आणि मी हात हिसकावून घेतला. तुझा चेहरा पडला. मी तुला नंतर वहीत लिहिलं की माझं बोट दुखत होतं. बोट दुखत नव्हतं. त्याच्याशी कसं बोलायचं ते दुसऱ्या कुणीतरी मला शिकवावं, हे मला सहन झालं नाही. त्या हिसड्याबद्दल आज माफी मागते.

दवाखान्यात माझी अशी ख्याती आहे की दारातून आत येणाऱ्याचा चेहरा बघून मी सांगते, हा घाबरलाय की नुसता घाईत आहे. घाबरलेल्यांना मी आधी आत सोडते. डॉक्टरीणबाई कौतुकाने नव्या लोकांना सांगतात, हिला मनातलं कळतं. दोन महिन्यांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ आले, गोड हसणारे, पेपर चाळत बसले. मी म्हटलं, यांना काही नाही, बसतील. शेवटचा नंबर दिला. तासाभराने ते बाकावरून घसरून खाली पडले. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, मला लहानपणापासून सुईची धास्ती आहे, घाबरलो की मला असं हसू येतं. डॉक्टरीणबाई त्यांना पाणी पाजत मला एवढंच म्हणाल्या, अहो, विचारायचं ना त्यांना. बाई रागावल्या नव्हत्या, सहज म्हणाल्या. पण मला ते असं लागलं की मी घरी येईपर्यंत मनात तेच घोळवत होते. विचारायचं ना. एवढी साधी गोष्ट. मी आयुष्यात धाकट्याला किती वेळा खरोखर विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबले, ते मोजायला बसले. बोटांवर मावलं.

आता त्या फोटोकडे येते. गेल्या महिन्यात तू तुझ्या शाळेचा जुना फोटो काढलास. तीन रांगा मुलं, पुढच्या रांगेत दोन वेण्यांची सात वर्षांची तू, आणि मधोमध गोल चष्म्याचे, कातडी बॅग मांडीवर धरलेले तुमचे मास्तर. धाकट्याने फोटो हातात घेतला आणि त्या मास्तरांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ते बोट त्याने कितीतरी वेळ उचललंच नाही. तू मला वहीत विचारलंस, 'हा आमच्या मास्तरांना कसा ओळखतो?' मी लिहिलं, 'माहीत नाही.' त्या पानावर ते अजून आहे.

मला माहीत आहे. तेच मास्तर आपल्या घरी आले होते. तो दहा वर्षांचा होता, मी तेराची. ते गावोगाव फिरून ऐकू न येणारी मुलं शोधायचे आणि आईबापांना समजावून शाळेत न्यायचे. राहण्या-खाण्याची सोय तिथेच होती. दुपारची वेळ होती. आई, बाबा, मी खोलीत, आणि मास्तर धाकट्याला घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसले. ते हातांनी काहीतरी सांगायचे, धाकटा करायचा. मग धाकटा विचारायचा, ते सांगायचे. तासभर. मी खिडकीतून बघत होते. त्या तासाभरात त्याने एकदाही मागे वळून मला शोधलं नाही. रोज दर पाच मिनिटांनी तो माझ्याकडे बघायचा, ताई, हे काय, ताई, ते काय. त्या दिवशी एकदाही नाही.

मास्तर आत आले. बाबा मला म्हणाले, त्याला विचार, जाशील का यांच्याबरोबर? मी वळले तर धाकटा तिथे नव्हता. तो आत जाऊन बूट घालून आला होता. नाड्यासुद्धा बांधलेल्या. मास्तरांच्या बॅगेवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग मनगटावर दोनदा टिचकी मारली. एवढी स्पष्ट गोष्ट त्याने मला आयुष्यात कधी सांगितली नसेल. आईने विचारलं, काय म्हणतोय गं तो?

मी म्हटलं, नाही म्हणतो. आई आणि मला सोडून राहणार नाही म्हणतो. बाबा म्हणाले, मग हे बूट? मी म्हटलं, मास्तरांना बसपर्यंत सोडायला जायचंय म्हणतो.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी बाबांना विचारलं, मुलीने नीट विचारलंय ना? बाबांनी छाती पुढे काढून सांगितलं, तिच्यासारखं त्याला कुणी ओळखत नाही. आईने पदराने डोळे पुसले, तिला सुटल्यासारखं झालं होतं, पोराला लांब पाठवायला तिचं मन धजतच नव्हतं. मग आम्ही दोघं मास्तरांना थांब्यावर सोडायला गेलो. बस आली. मास्तर चढले. धाकटा पायरीवर पाय ठेवायला गेला आणि मी त्याचा दंड धरला. बस गेली तरी मी सोडला नाही. घरी आल्यावर चार दिवस तो माझ्याकडे पाठ करून झोपला. आईने विचारलं, काय झालंय याला? मी म्हटलं, पोट दुखतंय म्हणतो. तिने त्याला चार दिवस पेज घातली.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, माझी समजण्यात चूक झाली, बूट म्हणजे खरंच सोडायला जायचं असेल. इतक्या वेळा सांगितलं की मला ते आठवणीसारखं दिसायलाही लागलं होतं. तुझ्या फोटोवर त्याचं बोट बघितलं आणि ते सगळं निघून गेलं. माझी चूक झाली नव्हती. मला पूर्ण कळलं होतं. आणि ज्याने त्याला तासाभरात मला विसरायला लावलं त्या माणसावर मी तेव्हा जळत होते, आज तुझ्यावर जळते तशीच. तू त्याच वर्षी त्या शाळेत दाखल झालीस, असं फोटोमागे लिहिलंय. तो गेला असता तर तू त्याला सात वर्षांची असताना भेटली असतीस. हे तुझ्या लक्षात यायच्या आधी मीच लिहून टाकते.

परवा रविवारी तू कपडे वाळत घालत होतीस तेव्हा तो माझ्याशेजारी मागच्या पायरीवर येऊन बसला. वर्षभरात पहिल्यांदा त्याने आमच्या जुन्या खुणा काढल्या. डोळ्यांभोवती दोन गोल. बॅग. स्वतःच्या छातीवर बोट. बस. मग ओठावर बोट, म्हणजे बाबा. मग माझ्याकडे बोट, आणि तळवा उघडा. तू बाबांना काय सांगितलंस? मी कपाळावरून हात उडवला. विसरले. त्याने मान हलवली, कप उचलला, चहा संपवला आणि आत गेला. त्याला कळलं का, की त्याने विश्वास ठेवला, की त्याला आधीपासूनच माहीत होतं? मला सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही, चिमणे.

म्हणून हे पत्र. खरं तर पाकिटावर त्याचं नाव असायला हवं होतं. पण तो चष्म्यांचे नंबर वाचतो, बसच्या पाट्या ओळखतो, स्वतःची सही करतो, त्यापुढे त्याला अक्षर येत नाही, आणि ते का येत नाही ते तू आत्ताच वाचलंस. आमच्या शंभर खुणांत 'खोटं' अशी खूण नाही, ती मी कधी केलीच नाही. तुमच्या भाषेत असेल. तर तू त्याला सांग. शनिवारी आई मावशीकडे जाणार आहे, दुपारी आपण तिघंच आहोत. बूट, थांबा, दंड, पेज, सगळं सांग. माझी बाजू घेऊ नकोस, ती लहान होती वगैरे मधे घालू नकोस. मी समोर खुर्चीवर बसेन. तुझे हात काय सांगतायत ते मला कळणार नाही, आणि मी त्यात ढवळाढवळ करणार नाही. तो जे काही म्हणेल ते मला कागदावर लिहून दे, शब्दाला शब्द. बरं-वाईट बघू नकोस. आणि तो काहीच म्हणाला नाही, तर कागद कोरा दे. मी त्यावर काही भरणार नाही.

तुझीच, जळकी पण तुझीच,
ताई